इंचकाकांचे दोन इंच

इंचकाकांकडे तुम्ही गेलात म्हणजे तुमच्या घरचं कुणीतरी बेपत्ता झालेलं असणार. एरवी त्या खोलीकडे कुणी फिरकत नसे. सरकारी कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर परवाने देणाऱ्या खिडक्यांची रांग संपली की मोडक्या खुर्च्यांचा ढीग लागायचा आणि त्या ढिगाला वळसा घातला की दार. दारावर पाटी, 'बेपत्ता नोंद'. पाटीवरची अर्धी अक्षरं उडालेली. खालचे लोक म्हणायचे, बघा, पाटीसुद्धा हळूहळू बेपत्ता होतेय. असले विनोद इंचकाकांना मुळीच खपत नसत. "तुमच्या घरचं कुणी गेलं असतं ना, मग दात काढले असतेत," असं त्यांनी एकदा परवानावाल्या कारकुनाला जिन्यात उभं करून सुनावलं होतं. तो पठ्ठ्या पुढे महिनाभर त्यांना बघितलं की दुसऱ्या जिन्याने उतरायचा.

एकतीस वर्षं हा माणूस त्या खोलीत बसला. पोलिसातला नव्हे हं, साधा नोंदणी कारकून. दोनदा बढती चालून आली, दोन्ही वेळा नाही म्हणाले. बायको म्हणजे काकू. काकूंनी दोन्ही वेळा कपाळाला हात लावला. "लोक खुर्चीसाठी एकमेकांचे गळे धरतात, आणि आमचे हे रडणाऱ्या लोकांत रमलेत," असं त्या शेजारणीला सांगायच्या. सांगताना आवाजात तक्रार असायची, पण थोडी ऐटही असायची.

काम काय? दोन वह्या. निळ्या वहीत हरवलेल्या माणसांची नोंद, काळ्या वहीत कुठेतरी सापडलेल्या, नाव-गाव माहीत नसलेल्या मृतदेहांची. इस्पितळातून, नदीकाठून, रस्त्याकडेच्या झाडीतून कुणी सापडलं की काळ्या वहीत एक पान भरायचं. वय अंदाजे, उंची मोजून, अंगावरचे कपडे. मग निळी वही उघडायची आणि शोधायचं, हा कुणाचा आहे. चेहरा बहुतेक वेळा ओळखण्याजोगा उरलेला नसतो. कपड्यांचा भरवसा नाही, कारण घरच्यांना माणूस शेवटचा आठवतो तो त्याच्या आवडत्या शर्टात, आणि तो शर्ट कपाटातच लटकत असतो. उरते उंची. हाडं काही दोन आठवड्यांत आखडत नाहीत. तेव्हा इंचकाका आधी उंची बघत. इंचभर वर, इंचभर खाली, एवढ्यातली निळी पानं बाजूला काढायची आणि फक्त त्यांच्या घरच्यांना बोलवायचं. सगळ्यांनाच बोलवलं तर शवागाराच्या दाराशी जत्रा भरली असती, आणि ज्यांचं माणूस तिथे नाही त्यांनाही उगाच एक रात्र जाळून काढावी लागली असती.

आता त्यांची ख्याती कशी झाली ते ऐका. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एक बाई आली. नवरा हरवलेला. म्हणाली, चांगला सहा फूट आहे हो, दारातून वाकून येतो. इंचकाकांनी सहा लिहिलं. तीन महिने तो नवरा पलीकडच्या इस्पितळात स्मृती गेलेल्या अवस्थेत पडून होता, आणि त्याची उंची निघाली पाच फूट दहा. दार बुटकं होतं, दुसरं काय! तेव्हापासून हा गृहस्थ इरेला पेटला. जो कुणी जिवंत परत मिळेल त्याला खोलीत आणायचं, भिंतीशी उभं करायचं, पेन्सिलीने खूण करायची, आणि घरच्यांनी सांगितलेल्या आकड्याशी ताडून बघायची. सहा वर्षांत एक्केचाळीस खुणा झाल्या. हिशेब असा निघाला, की पुरुषाची उंची घरचे दोन इंच वाढवून सांगतात, बाईची एक इंच वाढवून, आणि लहान मुलाची मात्र एक इंच कमी करून, कारण आईबापांच्या डोळ्यांपुढे पोर कायम गेल्या वर्षीचंच असतं.

"आपला माणूस आपल्याला उंच दिसतो," असं ते नव्या कारकुनांना शिकवत. "माया आहे ती. पण वहीत माया लिहून चालत नाही." आणि ते सरळ कापत. समोरचा म्हणाला पाच आठ, हात लिहायचा पाच सहा. विचारत नसत, सांगत नसत. कुणी वाकून बघितलंच आणि हटकलं, तर मऊ आवाजात समजावत. आणि गंमत सांगू? जमायचं! त्या हिशेबावर त्यांनी साठ-पासष्ट घरांना उत्तरं मिळवून दिली. वरच्या कार्यालयातून कौतुकाचं पत्र आलं, ते काकूंनी चौकट करून लावलं. इंचकाका हे नाव तेव्हाच पडलं.

त्यांच्या खोलीत वर्षातून एकदा न चुकता एक बाई यायची. शिवणकाम करणारी. सगळे तिला टेलरताई म्हणत. अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली ती म्हाताऱ्या आईचा हात धरून. धाकटा भाऊ, चौतीस वर्षांचा, बिनलग्नाचा, एका मोठ्या हॉटेलच्या दारावर उभा राहायचा, येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडून द्यायचा. एका मंगळवारी कामावरून सुटला आणि घरी पोहोचलाच नाही. भांडण नाही, कर्ज नाही, प्रेमप्रकरण नाही. आई रडत होती. टेलरताई रडत नव्हती, विचारलेल्याचं तेवढं उत्तर देत होती, बिनचूक आणि थोडक्यात. इंचकाकांनी फॉर्म भरला.

त्यानंतर दर वर्षी, त्या मंगळवारच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी, ती यायची. खुर्चीच्या कडेवर बसायची. विचारायची, "काही?" इंचकाका म्हणायचे, "अजून तरी नाही, ताई." मग ती उठायची. पहिली पाच वर्षं आई बरोबर असायची, सहाव्या वर्षापासून एकटीच. इंचकाकांना या बाईबद्दल फार आदर. घरी काकूंना सांगत, "इतकी वर्षं झाली, पण एकदासुद्धा माझ्यावर आवाज चढवला नाही. दुसऱ्या कुणी टेबल डोक्यावर घेतलं असतं."

आणि मग आली निवृत्ती. अकरा दिवस उरले होते. निरोपसमारंभ ठरला. काकूंनी फर्मान काढलं, की त्या दिवशी नवा कोट पाहिजे. "लग्नातला कोट घालून स्टेजवर चढलात तर मी समोर बसणार नाही, आधीच सांगते." इंचकाकांनी दोन दिवस टाळाटाळ केली आणि मग त्यांना वाटलं, शिवायचाच तर टेलरताईकडे शिवू. एकतीस वर्षांत आपण कधी कुणाच्या दारी गेलो नाही, सगळे आपल्या दारी आले. निदान हिच्याकडे तरी जावं.

दुकान म्हणजे एका गल्लीतली दहा बाय बाराची खोली. दोन मशीनं, कापायचं लांब टेबल, त्यावर खडूच्या रेघा, भिंतीला अर्धवट शिवलेले कपडे टांगलेले. टेलरताईने त्यांना बघितलं आणि तिच्या हातातली कात्री टेबलावर पडली. बिचारीला वाटलं, काहीतरी खबर घेऊनच आले. इंचकाकांच्या ते लक्षात आलं आणि ते इतके ओशाळले की दारातूनच ओरडले, "कोट! कोट शिवायचाय, ताई! तसं काही नाही!"

टेलरताईने एक लांब श्वास सोडला. मग हसली. अकरा वर्षांत पहिल्यांदा इंचकाकांनी तिला हसताना बघितलं.

"या साहेब, उभे राहा इथे."

"उंची पाच फूट साडेपाच लिहा," इंचकाका सवयीने म्हणाले.

तिने काहीच लिहिलं नाही. त्यांना भिंतीशी उभं केलं, पाठ सरळ करायला लावली, डोक्यावर सपाट पट्टी ठेवली, टेप खाली सोडली. "पाच फूट चार."

"काहीतरीच! मी आयुष्यभर पाच साडेपाच आहे."

"सगळेच असतात हो," ती म्हणाली. "म्हणून मी गिऱ्हाइकाला विचारतच नाही. मोजते. नवऱ्याची उंची बायको वाढवून सांगते, आणि नवरा स्वतःची स्वतःच वाढवतो. ऐकून शिवायला बसले असते तर निम्म्या गावाच्या पँटी जमिनीवर लोळल्या असत्या."

इंचकाका खूश झाले. अगदी त्यांच्या मनातलं बोलली होती. म्हणजे जगात दुसरंही कुणी हे ओळखून आहे! त्यांना वाटलं, हिला आपला तो हिशेब सांगावा, भिंतीवरच्या एक्केचाळीस खुणा सांगाव्यात. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण टेलरताई वहीत मापं लिहितालिहिता बोलत होती.

"पूर्ण उंची तशी मी क्वचितच घेते. लांब कोट असला तरच. भावाची घेतली होती, हॉटेलचा तो पायापर्यंतचा कोट मीच शिवला ना त्याचा. जायच्या आदल्याच महिन्यात. पाच फूट साडेनऊ. आमच्या घरात तोच काय तो उंच."

इंचकाकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्यांना निळ्या वहीतली पानंच्या पानं तोंडपाठ होती, आणि टेलरताईच्या भावाचं पान तर दर वर्षी उघडलं जायचं. पाच फूट साडेसात. त्यांच्या स्वतःच्या अक्षरात.

"साडेसात ना?" त्यांनी विचारलं.

"साडेनऊ. तेव्हाही साडेनऊच सांगितलं होतं मी तुम्हाला," टेलरताई म्हणाली, आणि खांद्याचं माप घ्यायला त्यांच्या मागे गेली. "हात खाली सोडा, साहेब. किती ताठ उभे राहिलात."

फॉर्मवर एक रकाना असतो, तक्रार देणाऱ्याचा व्यवसाय. तिथे इंचकाकांनीच लिहिलं होतं, शिवणकाम. जी बाई दिवसभर गळ्यात टेप घालून बसते, जिच्या हातून सबंध गावाची मापं गेली, तिने मोजून सांगितलेल्या आकड्यातून या शहाण्याने दोन इंच कापले होते. का? तर माया आहे म्हणून! हसावं की रडावं, सांगा.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी इंचकाका दाराशी हजर. काळी वही काढली, अकरा वर्षांपूर्वीची. पाच फूट साडेआठ ते साडेदहा, वय तीस ते चाळीस. चार पानं निघाली. दोघांची ओळख नंतर पटलेली होती. तिसऱ्याचा एक पाय जुना मोडलेला. चौथं पान त्यांनी स्वतः भरलेलं होतं. भाऊ गेला त्यानंतर अठराव्या दिवशी, शहराच्या खाली सहा मैलांवर, नदीच्या बंधाऱ्याला अडकलेला देह. अंगात बनियन आणि गडद निळी पँट. मार लागल्याची खूण नाही. पँटच्या कमरेला आतून छोटा चोरखिसा, हिरव्या दोऱ्याने शिवलेला, रिकामा. उंची पाच फूट साडेनऊ.

टेलरताईने तेव्हा सांगितलं होतं, तो हॉटेलातून निघताना कपडे बदलतो, त्याच्या अंगावर राखाडी पँट असेल. त्या दिवशी त्याने हॉटेलची निळी पँट बदललेलीच नव्हती. म्हणजे कपडे जुळले नाहीत, आणि उंची जुळू दिली नाही. एकवीस दिवस देह शवागारात होता. मग पालिकेने अंत्यविधी उरकला. ओळखीसाठी एक दात काढून ठेवला होता, तो पाकिटात बंद. आणि त्या एकवीस दिवसांत इंचकाका टेलरताईशी दोनदा फोनवर बोलले होते. फॉर्मच्या मागे त्यांनीच टिपून ठेवलं होतं. 'धीर दिला.'

इंचकाका दोन्ही वह्या घेऊन तडक मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे नव्या आलेल्या अधिकारी, वयाने इंचकाकांच्या मुलीएवढ्या, सगळ्या वह्या संगणकात चढवायचं काम त्यांच्याकडे. बाई हुशार आणि मनाने चांगल्या. त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून नीट वाचली.

"म्हणजे मूळ आकडा तुम्ही कुठेच लिहिला नाही?"

"नाही. कापलेलाच लिहायचो."

मॅडमनी दोन्ही वह्या मिटल्या. मग दार लोटून घेऊन म्हणाल्या, "काका, हे बघा. तुम्ही आठ दिवसांत निवृत्त होताय. नोंदी संगणकात घालताना हे दोन जुळले, असं लिहिता येईल. खोटं नाही ते, आपण संगणकात घालतोच आहोत. त्या बाईंना उत्तर मिळेल. तुमच्यावर चौकशी लागणार नाही. कुणाचं काय वाईट होतंय?"

खरं सांगायचं तर इंचकाकांना हे ऐकून फार हलकं वाटलं. कुणाचं काय वाईट होतंय! बरोबरच की. मेलेला माणूस काही उठून येणार नव्हता. तो त्या तक्रारीच्या आधीच गेलेला असणार, किंवा फार तर एखाद-दोन दिवसांनी. पडला, उतरला की कुणी ढकलला, हे तेव्हाही कळलं नसतं आणि आताही कळणार नव्हतं. मग त्या बाईला वर आणखी एक दुःख कशाला द्यायचं? असा सगळा विचार करत ते घरी आले, आणि काकूंनी ताट वाढलं तसं सगळं ओकून मोकळे झाले.

काकू ऐकत राहिल्या. मध्ये एकदा त्यांचा हात चौकटीतल्या त्या पत्राकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

"तिला सांगायचं आहे ना तुम्हाला?"

"सांगायचंच आहे गं. पण कसं सांगायचं, किती सांगायचं, जरा विचार करून..."

"मग उद्या सकाळी पहिलं काम ते करा," काकू म्हणाल्या. "परवावर गेलं तर त्यातलेही दोन इंच कापाल. मी काय ओळखत नाही तुम्हाला?"

इंचकाकांनी काकूंकडे रागाने बघितलं. पण सकाळी चहासुद्धा न घेता चपला घातल्या.

दुकान नुकतंच उघडलं होतं. टेलरताई मशीनला तेल घालत होती. "कोट आठवड्याने मिळेल, साहेब, एवढी घाई?" असं म्हणत ती वळली आणि त्यांचा चेहरा बघून तिच्या लक्षात आलं. या वेळी कोट नव्हता.

इंचकाकांनी उभ्या उभ्या सांगितलं. बंधारा, एकवीस दिवस, पालिका. ती मशीनच्या स्टुलावर बसली. "तोच कशावरून?" तिने विचारलं.

"अंगात गडद निळी पँट होती. कमरेला आतून चोरखिसा..."

"हिरव्या दोऱ्याचा," टेलरताई म्हणाली.

तिने चेहरा हातांत घेतला. इतकी वर्षं जी बाई खुर्चीच्या कडेवर कोरड्या डोळ्यांनी बसली, ती आता हमसून हमसून रडली, आणि इंचकाका भिंतीशी उभे राहिले. तिथेच थांबता आलं असतं. कुणीही थांबलं असतं. मॅडमनी सांगितलेलं वाक्य त्यांच्या जिभेवर होतं, संगणकात घालताना जुळलं, आणि त्या रडण्यात ते खपूनही गेलं असतं.

"ताई, अजून एक आहे," ते म्हणाले. "हे तेव्हाच जुळलं असतं. तुम्ही साडेनऊ सांगितलंत. मी साडेसात लिहिलं."

"का?"

"मला वाटलं, बहीण आहे, वाढवून सांगत असणार. सगळेच सांगतात."

टेलरताईने डोळे पुसले. तिला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिने आवाज चढवला नाही, पण चढवला असता तर बरं झालं असतं, असं इंचकाका पुढे काकूंना म्हणाले.

"माझी आई सहा वर्षांपूर्वी गेली," ती म्हणाली. "शेवटचे दोन महिने ती मला रोज विचारायची, तो जेवला असेल का. रोज. मी म्हणायची, असेल गं. तिला मी खरं सांगू शकले असते. ती रडली असती, आणि मग शांतपणे गेली असती. मी तिच्याशी रोज खोटं बोलले, तुमच्या दोन इंचांपायी."

"माझं चुकलं, ताई. मी माफी मागायलाच..."

"माफीचं राहू द्या. ती घेऊन मी काय करू? कुठे ठेवू?" ती उठली, टेबलावरचे कपडे उगाच इकडचे तिकडे केले. मग एकदम थांबली आणि त्यांच्याकडे वळली. "साहेब, तुम्ही फक्त माझेच कापलेत का?"

इंचकाकांनी नकारार्थी मान हलवली.

"किती जणांचे?"

"सगळ्यांचे," ते म्हणाले.

"मग माझ्यासमोर उभे काय राहिलात?" टेलरताई म्हणाली. "जा ना."

चौकशी लागायची ती लागली. इंचकाकांनी स्वतःच लेखी कबुली दिली, मॅडमनी डोक्याला हात लावला. त्या दाताशी ताडून बघायला टेलरताईने डीएनए चाचणीसाठी नमुना दिला. अहवाल पाच आठवड्यांनी आला आणि जुळला. निरोपसमारंभ काही झाला नाही. लोकांनी आपापल्या परीने अंदाज बांधले, परवानावाल्याने तर पोटभर हसून घेतलं. कोट मात्र ठरल्या दिवशी शिवून घरी आला, टेलरताईने पाठवला, चिठ्ठी नाही, काही नाही. काकूंनी तो कपाटात टांगला.

निवृत्तीनंतरच्या सोमवारी इंचकाका पुन्हा त्याच दारात. हातात चष्म्याची डबी. मॅडमना म्हणाले, "पगार नको, सही नको. कोपऱ्यात एक टेबल आणि फोन द्या. निळ्या वहीत तीनशे बारा पानं उघडी आहेत. प्रत्येक घरी विचारायचंय, तेव्हा काय सांगितलं होतं, आणि कुणी मोजली होती का." मॅडमनी मोडक्या खुर्च्यांच्या ढिगातून त्यातल्या त्यात धड एक खुर्ची ओढून दिली.

पहिलं पान सर्वांत जुनं काढलं. एकवीस वर्षांपूर्वीचं. मुलगा, वय एकोणीस, उंची पाच फूट चार. नंबर बदलला असेल असं त्यांना वाटत होतं, पण दुसऱ्याच घंटीला फोन उचलला गेला.

"मी बेपत्ता नोंदीतून बोलतोय," ते म्हणाले.

पलीकडे एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. "सापडला का हो?"

इंचकाकांनी डोळे मिटले. हे पहिलंच वाक्य येणार हे त्यांना एकतीस वर्षांच्या सवयीने माहीत होतं, तरी त्यांना ते झेपलं नाही. "नाही मावशी, अजून नाही. एक विचारायचं राहिलं होतं. तुमच्या मुलाची उंची किती होती?"

"पाच फूट चार," म्हातारी लगेच म्हणाली.

इंचकाकांनी पानाकडे बघितलं. पाच चार. म्हणजे इथे कापलं नव्हतं? त्यांना जरा बरं वाटलं. "तुम्ही तेव्हाही पाच चारच सांगितलं होतं, मावशी?"

"छे हो. तेव्हा मी पाच सहा सांगितलं होतं. आमच्या दाराच्या चौकटीवर खूण होती ना त्याची, वडिलांनी वाढदिवसाला केलेली. पण तुम्हीच म्हणालात, तो टेबलाशी बसलेला चांगला माणूस म्हणाला, मावशी, आईला आपलं पोर उंचच वाटतं, ते पाच चारच असणार. मला वाटलं, हे रोज एवढी माणसं बघतात, यांना माहीत. तेव्हापासून मी सगळ्यांना पाच चारच सांगते. खूणसुद्धा पुसून टाकली. म्हटलं उगाच खोटी कशाला ठेवायची."

इंचकाकांच्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळून खाली गेलं. ते उचलायला वाकले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. वर आले तेव्हा म्हातारी फोनवरच होती, हॅलो हॅलो करत होती.

"मावशी," ते म्हणाले, "खूण खरी होती. तुमचा मुलगा पाच सहा होता."

"हो ना?" म्हातारी म्हणाली. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मला वाटलंच होतं हो."